कोणाचा गट भारी?



जत्रेतल्या कुस्त्या एका दिवसात संपतात; पण पारावरच्या कुस्त्या पुढे पंधरा दिवस चालतात. अमक्या तालमीचा पठ्ठ्या मोठा की तमक्या तालमीचा, याचा निकाल पारावर आजवर कधी लागलेला नाही, आणि लागू नये अशीच बहुधा सगळ्यांची इच्छा असते. आज मी आपल्याला अशाच एका वादाची हकीकत सांगणार आहे. हा वाद मात्र आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतला आहे, आणि तो पैलवानांचा नसून विद्यापीठांचा आहे. आपण म्हणाल, त्यांच्या वादाशी आपल्याला काय करायचे? तर त्याची दोन कारणे आहेत. एक, पुरावा कशाला म्हणावे आणि हट्ट कशाला म्हणावे, हे मुलांना शिकवायला या वादासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. आणि दुसरे, वाद घालणाऱ्या या विद्यापीठांपैकी काहींचा आपल्या देशातल्या शेतीशी जुना संबंध आहे. तो मी शेवटी सांगेन.

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे, पुढच्या गड्याकडे फेकायचे, आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे. थोडी कुस्ती, थोडा हुतूतू आणि थोडी शर्यत, असे म्हणा ना! एका बाजूला अकरा गडी. विद्यापीठांमधला पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, असे मानतात. आज तिकडे शरद ऋतूतला शनिवार म्हणजे या खेळाचा वार. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून जास्त माणसे बसतात. एक लाख! आपल्याकडचा एखादा तालुका उठून एका मैदानात येऊन बसला, अशी कल्पना करा. आणि अशी लाखाची मैदाने तिकडे एक नाही, अनेक आहेत.

आता गटाचे बघू. वरच्या दर्जात खेळणारी विद्यापीठे एकशे तीसहून अधिक, आणि हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला येणारे नेहमीचे सामने अवघे बारा. म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे शक्यच नाही. तेव्हा शेजारपाजारच्या विद्यापीठांनी आपापसात गट केले. या गटाला तिकडे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. शब्दाचा अर्थ परिषद असा असला, तरी प्रत्यक्षात ही एक भावकीच आहे. आपापसात भांडायचे, पण बाहेरच्यासमोर एक व्हायचे!

यातला सर्वांत जुना मोठा गट ‘बिग टेन’, म्हणजे ‘मोठे दहा’. १८९५ साली शिकागोत विद्यापीठांच्या अध्यक्षांची बैठक झाली आणि १८९६ साली सात विद्यापीठांनी हा गट रीतसर उभा केला. तो त्यांनी कशासाठी केला असेल? सामने जिंकण्यासाठी नव्हे. त्या काळी काही ठिकाणी भाडोत्री खेळाडू विद्यार्थी म्हणून मैदानात उतरवीत. तेव्हा जो खरोखर वर्गात बसतो, अभ्यासात मागे नाही, त्यालाच खेळता येईल, असा नियम या गटाने सुरुवातीलाच केला. म्हणजे गट जन्मला तो शिस्तीसाठी. पुढे त्यात माणसे वाढत गेली. आज ‘मोठ्या दहां’त अठरा विद्यापीठे आहेत, आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ म्हणजे ‘मोठे बारा’ म्हणविणाऱ्या दुसऱ्या गटात सोळा! हे गणित कोणत्याही गुरुजींनी चूकच दिले असते.

दुसरा बलाढ्य गट दक्षिणेतला. त्याचे नाव साउथईस्टर्न कॉन्फरन्स. लोक त्याला ‘एसईसी’ म्हणतात. तो १९३२ साली तेरा विद्यापीठांनी स्थापन केला. आज त्यात सोळा आहेत. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी, फ्लोरिडा, लुइझियाना अशी ही दक्षिणी मंडळी. तिथे हा खेळ नुसता खेळ नाही, तर जवळजवळ कुळाचार आहे.

आता वादाकडे वळू. दक्षिणेचा माणूस म्हणतो, ‘२००६ पासून २०१२ पर्यंत सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद आमच्या गटाकडे होते. आणखी काय पुरावा हवा?’ दावा खराच आहे. त्यातल्या २०११ च्या हंगामात तर अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना याच गटातले संघ होते. पण उत्तरेचा माणूस म्हणतो, ‘अहो, त्या सातांपैकी तीन एकट्या अलाबामाची आणि दोन फ्लोरिडाची. उरलेली दोन ऑबर्न आणि लुइझियाना स्टेट यांची. म्हणजे सात विजेतेपदे चार घरांची. बाकीच्यांनी काय केले? आणि २०२३ चे विजेतेपद मिशिगनचे, २०२४ चे ओहायो स्टेटचे, म्हणजे दोन्ही आमच्या बिग टेनची!’ आता दक्षिणेचा माणूस म्हणतो, ‘तुमच्या गटातही दोन-तीन घरेच भारी आहेत, आमच्याकडे तळाचा संघसुद्धा कुणालाही लोळवतो.’

इथे थांबून जरा विचार करा. गट भारी म्हणजे नेमके काय? त्यातला सर्वांत मोठा पैलवान भारी, की मधले गडी भारी, की शेवटचा गडीसुद्धा कच्चा नाही म्हणून भारी? गावातल्या एका शेतकऱ्याला एकरी विक्रमी पीक आले, म्हणून गाव सुपीक ठरते काय? का सगळ्यांचे उत्पन्न मोजून सरासरी काढायची? प्रश्न नीट ठरविल्याशिवाय उत्तर देणारे दोघे समोरासमोर बसले, की वाद रात्रभर चालतो आणि दोघेही आपल्या परीने खरेच बोलत असतात.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अलाबामाचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्याला व्हँडरबिल्ट नावाच्या विद्यापीठाने ४० विरुद्ध ३५ असे हरविले. व्हँडरबिल्ट हे याच दक्षिणी गटातले, वर्षानुवर्षे मार खाणारे. त्या रात्री तिथल्या विद्यार्थ्यांनी मैदानातले गोलाचे खांब उपटले, गावातून मिरवत नेले आणि नदीत टाकले! आता या एका निकालाचा अर्थ काय लावायचा? दक्षिणेचा माणूस म्हणाला, ‘बघा, आमच्या गटात तळचा संघसुद्धा किती बळकट!’ उत्तरेचा म्हणाला, ‘बघा, तुमचा वरचा संघसुद्धा किती पोकळ!’ सामना एकच, आकडे तेच. पण ज्याने आधीच मत ठरवले आहे, त्याला त्यात आपलेच मत दिसले. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना हे एवढे एकच समजावून दिलेत, तरी पुढे निवडणुकीच्या भाषणापासून औषधाच्या जाहिरातीपर्यंत पुष्कळ ठिकाणी त्यांना उपयोग होईल.

या ठिकाणी फळ्यावर मांडण्याजोगे एक सोपे गणितही आहे. गटात सोळा संघ आहेत, आणि प्रत्येकजण गटातल्या आठ संघांशी खेळतो, असे धरा. सोळा गुणिले आठ म्हणजे एकशे अठ्ठावीस; पण एका सामन्यात दोन संघ असतात, म्हणून निम्मे करा. एकूण सामने चौसष्ट. त्यात विजय चौसष्ट आणि पराभवही चौसष्टच. गट हत्तींचा असो की सशांचा, हा हिशेब बदलत नाही! म्हणजे घरातल्या घरात झालेल्या सामन्यांवरून गटाचे बळ कळूच शकत नाही. ते कळायचे तर बाहेरच्यांशी झालेले सामने बघावे लागतील. आणि ते तर थोडे. त्यातही बरेच असे की, मोठे विद्यापीठ एखाद्या लहान विद्यापीठाला पैसे देऊन बोलावते, हरवते आणि खुशाल घरी पाठवते.

पण हा डावही कधीकधी अंगाशी येतो. २००७ च्या सप्टेंबरमध्ये देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने अ‍ॅपलेशियन स्टेट नावाच्या खालच्या दर्जाच्या संघाला आपल्या मैदानात बोलावले. लाखावर लोक बसलेले. शेवटच्या क्षणी मिशिगनने गोलासाठी मारलेला चेंडू पाहुण्यांच्या एका गड्याने उडी घेऊन अडवला, आणि पाहुणे ३४ विरुद्ध ३२ ने जिंकले. डोंगराकडच्या त्या लहान विद्यापीठाचे नाव त्या दिवशी देशभर झाले. तरीही त्यावरून खालचा दर्जा वरच्या दर्जाहून भारी, असे शहाण्या माणसाने म्हटले नाही. एका दाण्यावरून भाताची परीक्षा होते, ती भात एकाच भांड्यात एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. सामन्यांचे तसे नसते.

दुसरी एक पळवाट म्हणजे साखळी जोडणे. ‘आम्ही त्याला हरवले, त्याने तुम्हाला हरवले, म्हणून आम्ही तुमच्याहून भारी.’ ऐकायला बरोबर वाटते, नाही? आता २००८ सालची गोष्ट ऐका. टेक्सासने ओक्लाहोमाला ४५ विरुद्ध ३५ ने हरवले. ओक्लाहोमाने टेक्सास टेकला ६५ विरुद्ध २१ ने धूळ चारली. आणि टेक्सास टेकने टेक्सासला ३९ विरुद्ध ३३ ने पाडले. आता सांगा, तिघांत थोरला कोण? गोल फिरून आपण पुन्हा जागच्या जागी! तिघेही एकाच गटातले, तिघांचाही त्या वेळी एकेकच पराभव. शेवटी क्रमवारीचे आकडे बघून ओक्लाहोमाला पुढे पाठविले, आणि टेक्सासची मंडळी त्याबद्दल अजून कुरकुरतात.

आपण म्हणाल, चालू द्या त्यांचा वाद, कुणाचे काय बिघडते? इथेच मुद्दा आहे. हा वाद नुसता पारावरचा राहिलेला नाही. राष्ट्रीय विजेतेपदासाठी कोणी खेळायचे, हे तेरा जणांची एक निवड समिती ठरविते. २०१४ पासून २०२३ पर्यंतच्या हंगामांत चारच संघ निवडायचे असत. २०२४ च्या हंगामापासून बारा निवडतात. निवडताना ‘कोणाचा गट भारी’ हा प्रश्न समितीपुढेही येतोच. २०२३ साली फ्लोरिडा स्टेट या विद्यापीठाने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचे अजिंक्यपदही मिळविले. तरी त्यांना चारांत जागा मिळाली नाही. जागा मिळाली एक सामना हरलेल्या अलाबामाला. कारणे दोन सांगण्यात आली. फ्लोरिडा स्टेटच्या मुख्य गड्याच्या पायाला जबर दुखापत झाली होती, आणि त्यांनी ज्यांना हरविले ते तेवढे बळकट नव्हते. जरा त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वर्षभर घाम गाळला, एकदाही पाठ टेकली नाही, आणि निकाल लागला तो मैदानात नव्हे, खोलीत. पुढे दुसऱ्या एका सामन्यात जॉर्जियाने त्यांचा ६३ विरुद्ध ३ असा फडशा पाडला. ‘बघा, समितीचेच खरे!’ असे एक बाजू म्हणाली. ‘मन मोडलेल्या, निम्मेअर्धे गडी न उतरलेल्या संघाचा हा निकाल कसला!’ असे दुसरी म्हणाली. वाद पुन्हा तिथेच.

बळाच्या गोष्टीत आणखी एक जुने दुखणे आहे, ते झाकून चालणार नाही. दक्षिणेतल्या या गटात १९६७ पर्यंत फुटबॉलच्या सामन्यात एकही काळा खेळाडू उतरला नव्हता. त्या वर्षी केंटकी विद्यापीठाकडून नेट नॉर्थिंग्टन खेळला, तो पहिला. तोपर्यंत दक्षिणेत जन्मलेली गुणी काळी मुले उत्तरेकडे मिशिगन स्टेट, मिनेसोटा अशा विद्यापीठांत जात आणि तिथे नाव काढीत. १९७० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ अलाबामाच्या भूमीवर, बर्मिंगहॅमला आला. त्या संघात काळे खेळाडू पुष्कळ होते. त्यांतल्या सॅम कनिंगहॅमने मैदान गाजविले आणि अलाबामाचा ४२ विरुद्ध २१ असा पराभव झाला. अलाबामाने एका काळ्या विद्यार्थ्याला त्याआधीच संघासाठी घेतले होते, पण त्याची खेळायची पाळी अजून आली नव्हती. या सामन्यानंतर बदलाला जोर आला. आज त्याच गटाचा जो अभिमान दक्षिणेत मिरविला जातो, त्यात काळ्या खेळाडूंच्या घामाचा वाटा फार मोठा आहे. ज्या तालमीचे दार गावातल्या निम्म्या पोरांना बंद, तिने ‘आम्ही सर्वांत भारी’ म्हणण्यात अर्थ तो काय?

आणि आता पैशाचे. दूरचित्रवाणीवर सामने दाखविण्याच्या हक्कासाठी बिग टेनने २०२२ साली सात वर्षांचा करार केला, तो सातशे कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. पैसा आला तशी भावकी बदलली. पश्चिम किनाऱ्यावर १९१५ पासून चालत आलेला एक गट होता. २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच्या बारांपैकी दहा विद्यापीठांनी दुसरीकडे घरोबा केला. मागे राहिली दोन. आज लॉस एंजेलिसचे विद्यापीठ आणि न्यू जर्सीचे विद्यापीठ एकाच गटात आहेत. दोघांमधले अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. घड्याळातसुद्धा तीन तासांचा फरक! फुटबॉलवाल्यांना ही दगदग हंगामात दोन-चार वेळाच. पण त्याच गटात व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनाही तेवढेच अंतर कापावे लागते. आणि त्यांचे सामने जास्त, शिवाय आठवड्यातून दोन-दोन. मग वर्ग कधी, अभ्यास कधी? ज्या गटाचा पहिला नियम ‘आधी विद्यार्थी, मग खेळाडू’ असा होता, त्या गटाची ही आजची स्थिती आहे. एक चांगलेही झाले. शंभरावर वर्षे ज्या मुलांच्या खेळावर सगळ्यांनी कमावले, त्यांना विद्यापीठांनी थेट पैसे देण्याचा मार्ग २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने मोकळा झाला.

वाद हाताबाहेर गेला म्हणजे काय होते, त्याची एक हकीकत सांगतो. अलाबामा राज्यात ऑबर्न नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठाच्या फाटकाजवळ दोन जुने ओक वृक्ष होते. सामना जिंकला की गावकरी तिथे जमत आणि झाडांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या भिरकावून आनंद करीत. २०१० साली ऑबर्नने अलाबामाला अवघ्या एका गुणाने हरविले. अलाबामाच्या एका कडव्या भक्ताने पुढे त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतले. आणि हे उघडकीस कसे आले? त्याने स्वतःच खोटे नाव सांगून रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमात फोन केला आणि फुशारकी मारली! झाडे वाचविण्याची खटपट दोन वर्षे चालली, पण ती वाचली नाहीत. २०१३ साली ती तोडावी लागली. त्या माणसाला तुरुंगवास घडला. पण याच हकीकतीची दुसरी बाजूही ऐका. झाडे वाचावीत म्हणून वर्गणी गोळा करणाऱ्यांत अलाबामाचेही पाठीराखे होते. प्रतिपक्षाचे झाड जगावे म्हणून खिशात हात घालणारा तो खरा खेळाचा रसिक. मला विचाराल, तर बळ तिथे आहे.

आता सुरुवातीला सांगितलेला तो संबंध. १८६२ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने राज्यांना सरकारी जमिनी मिळाल्या. त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी विद्यापीठे उभी करायची, अशी योजना होती. आज लाखाच्या मैदानात झुंजणाऱ्या विद्यापीठांपैकी कितीतरी मुळात अशी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली आहेत. १९५० आणि १९६० च्या दशकांत आपल्या देशात कृषी विद्यापीठांची उभारणी व्हायची होती, तेव्हा यांतली सहा विद्यापीठे मदतीला आली. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ सालचे, म्हणजे त्याच काळातले. पंजाबला ओहायो स्टेट, उत्तर प्रदेशाला इलिनॉय, तेव्हाच्या म्हैसूर राज्याला टेनेसी, बिहारला मिसुरी आणि आंध्राला कॅन्सस स्टेट. आजच्या हिशेबाने यांतली तीन बिग टेनची, दोन दक्षिणेच्या गटातली आणि एक बिग ट्वेल्व्हमधले. शनिवारी एकमेकांच्या उरावर बसणारे हे सगळे आपल्या मातीत मात्र एकाच कामाला लागले होते. सुधारलेल्या बियाण्याचे कणीस हातात घेतले, तर त्यावर गटाचे नाव लिहिलेले नसते.

तेव्हा, गुरुजी आणि बाई, उद्या वर्गात मुले खेळावरून भांडू लागली, तर त्यांना गप्प बसवू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा. भारी म्हणजे काय, हे आधी ठरवलेत का? पुरावा घरातला आहे की बाहेरचा? आणि निकाल नेमका उलटा लागला असता, तर तुम्ही आपले मत बदलले असते का? तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर समजावे की हा वाद नसून हट्ट आहे. हट्टालाही खेळात जागा असते. त्याशिवाय पारावर रंग भरत नाही. एवढेच की हट्टाला पुरावा म्हणू नये, आणि दुसऱ्याच्या झाडाच्या मुळाशी जाऊ नये.

कोणाचा गट भारी, ते मी सांगितले नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. पुढच्या शनिवारी पुन्हा सामने आहेत.